कासारखोलचं तहानलेलं जनावर

कासारखोलच्या सड्यावर, म्हणजे गावावरच्या उघड्या पठारावर, जांभ्या कातळात, बारा हात लांबीचं एक जनावर कोरलेलं आहे. आसपास कासव, घोरपड, विंचू, नाकतोडा अशी पुष्कळ चित्रं आहेत. ती शेंबडं पोरही ओळखतं. या जनावराचं नाव मात्र कुणाला सांगता येत नाही. हत्तीसारखे पाय, पाठीवर काट्यांची रांग, मान अगदी ताठ. गावचे गुरव भिकाजीआबा पाहुण्यांना वर घेऊन येतात तेव्हा म्हणतात, "नाव नका विचारू. ह्याच्यासारखं दुसरं उरलंच नाही, मग नाव ठेवणार कोण?"

असं सांगतात, की ही सगळी चित्रं गोमा नावाच्या पाथरवटाची. त्यानं कोरलेल्या विंचवावर पाय द्यायला माणसं कचरत. गोमाला या वाखाणणीची फार भूक. एका चैत्रात, झरे आटले असताना, हे जनावर रानातून सड्यावरच्या तळ्याकडे पाण्याला आलं. असलं काही त्या पिढीत कुणी पाहिलं नव्हतं. एकटं होतं, म्हातारं होतं, माणसाला बुजलंसुद्धा नाही. गेलं तर पुन्हा दिसायचं नाही, चित्र राहून जायचं, म्हणून गोमानं फास टाकून त्याचा पाय वडाच्या बुंध्याला जखडला. तळं तिथून वीस पावलांवर.

त्याची बायको लाडी भाकरी घेऊन आली, ती जागीच थबकली. "अवो, त्येला पानी तरी दावा!"

"पाणी पुढ्यात आलं की मान खाली घालील. मला ताठ मान हवी. रेघ पुरी होऊ दे."

लाडी घडा भरून जनावराकडे निघाली. गोमानं तो तिच्या हातून काढून घेतला.

रेघ पुरी व्हायला तीन दिवस लागले. म्हणे, पहिल्या दिवशी जनावर हंबरलं. दुसऱ्या दिवशी दोराला ताण देऊन तळ्याकडे बघत राहिलं. तिसऱ्या दिवशी गोमानं शेवटचा ठोका मारून वर पाहिलं, तर ते कोसळलेलं. त्यानं धावत जाऊन ओंजळीतून पाणी आणलं, तोंडाशी धरलं. पाणी जिभेवरून ओघळून गेलं.

गाव जमलं. मेल्या जनावराकडे कुणी पाहिना, सगळे चित्राभोवती. "गोम्या, जित्तं उभं केलंस रे!" पाटील म्हणाले. याच शब्दांसाठी तो जन्मभर झुरला होता. आता ते ऐकून त्याला तोंड कुठे लपवावं कळेना. लाडी रिकामा घडा घेऊन बाजूला उभी होती. तिच्याकडे बघायचं धैर्य त्याला झालं नाही.

"वाखाणू नका," तो म्हणाला. "ह्याला मी तहानेनं मारलंय. हिनं पाणी आणलं होतं, तेही मी अडवलं."

त्यानंतर त्यानं छिन्नी धरली नाही. दर चैत्रात रोज घडा आणून तो कातळातल्या त्या तोंडात पाणी ओतायचा. "दगड पाणी पितो का रे?" म्हणून लोक हसत. "ठाऊक आहे मला," एवढंच तो म्हणे, आणि पुढचा घडा आणायला जाई.

आजही चैत्रात कासारखोलची माणसं तिथे पाणी ओततात. गावात कुणी मुंगीचं चित्र काढायला बसलं, तरी आधी अंगणात मातीच्या परळात पाणी ठेवतं. आणि त्या जनावरापुढे एखादा पाहुणा "वा!" म्हणाला, की भिकाजीआबा खाली बघतात. मग घडा त्याच्या हाती देतात.