पदातली मोकळी जागा

आधी गजाननाला हात जोडू. मग शारदेला, जिच्या कृपेवाचून जिभेला शब्द नाही आणि शब्दाला सूर नाही. जोडलेत? आता पांघरुणं नीट घ्या आणि ऐका.

एक होती नगरी. तिथे नारायणाचं देऊळ होतं आणि देवळात नेमाची पोथी होती. पोथीत पदं सातच. रोज पहाटे देवापुढे तीच गायची. नवं पद पोथीत जायचं, तर राजाचा एक नियम होता, बरं का. चैत्रातल्या उत्सवात रचणाऱ्याने आपलं पद गायचं. पुढच्या चैत्रात राजा भर सभेत विचारायचा, गेल्या वर्षीचं पद कोणाला येतं? तेव्हा रचणाऱ्याने गप्प राहायचं. दुसऱ्या कोणी म्हटलं, तरच ते पोथीत जायचं. आणि अशी संधी प्रत्येकाला तीनदाच.

देवळाच्या गुरवाची लेक होती चांगुणा. गळा असा, की समईची ज्योतही थबकावी. तिला शालजोडी नको होती, मानपान नको होता. आपण नसलो तरी आपलं एक पद देवाच्या कानी पडत राहावं, एवढीच तिची इच्छा.

तिने पहिलं पद बिकट चालीत गायलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. वर्षाने राजाने विचारलं, तर सभा चिडीचूप. मग तिने दुसरं गायलं. त्याचे शब्द इतके भारी, की शास्त्रीबुवा तीन दिवस अर्थ सांगत होते. वर्षाने पुन्हा सगळे गप्प. त्या वर्षी मात्र चांगुणा गायलीच नाही. आता एकच संधी उरली होती ना.

देवळामागे येसूआजी नैवेद्याचे तांदूळ कांडायची. चांगुणा तिच्यापाशी बसली आणि तिने विचारलं, की दोन्ही पदं ऐकलीस, मग एकही का येत नाही तुला?

येसूआजी म्हणाली, "पोरी, पद तुझं गोड आहे गं. पण त्यात मला दम घ्यायला जागाच नाही. तू गातेस बसून. माझ्या हातात मुसळ आहे."

चांगुणाला राग आला. मग तिने मुसळ हाती घेतलं. हाताला फोड आले, तेव्हा राग गेला. मुसळ वर गेलं की श्वास, खाली आलं की शब्द. तिने कांडता कांडता पद रचलं.

'पहिली मूठ तुझी,' मग श्वासापुरती जागा. 'दुसरी पाहुण्याची,' पुन्हा जागा. 'उरलीसुरली माझी.'

पुढच्या चैत्रात ती ते गायली. शास्त्रीबुवा हसले. म्हणाले, बाई अर्धं पद घरी विसरल्या वाटतं.

मग वर्ष सरलं. राजाने विचारलं, "गेल्या वर्षीचं पद कोणाला येतं?"

चांगुणाने डोळे मिटले. आणि येसूआजीने सुरू केलं. मग कोळिणी उठल्या. मोकळ्या जागेत त्या म्हणाल्या, दर्यादेवा. मग धनगर उठले, ते म्हणाले, बिरोबा. मग कुंभारवाडा उठला, तिथल्या बाया म्हणाल्या, मरीआई. सभामंडप दणाणून गेला, बाळांनो.

शास्त्रीबुवांनी हरकत घेतली. प्रत्येकाचा पाठ निराळा, मग पोथीत लिहायचं कोणतं?

राजाने चांगुणेकडे पाहिलं. ती म्हणाली, "महाराज, जागा मी ठेवली. नाव ज्याचं त्याने घातलं. पोथीतही ती कोरीच राहू द्या."

राजाने स्वतः बोरू उचलला आणि आठवं पद लिहिलं, मधली जागा कोरी सोडून.

पुढे पुष्कळ वर्षांनी चांगुणा दूरच्या एका गावी गेली. ओट्यावर बायका दळणासाठी धान्य निवडत तेच पद म्हणत होत्या. तिनेही सूर मिळवला. एक बाई थांबली आणि म्हणाली, "असं नाही गं बाई, चाल चुकतेय तुझी. आमच्या पणजीपासून चालत आलंय हे. बस, शिकवते."

चांगुणा बसली. शिकली. आणि आनंदाने तिचे डोळे भरून आले.

मग ती सुखात राहिली, ती नगरीही सुखात राहिली. तुमच्याही ओठी देवाचं नाव राहो, घरोघरी पहिली मूठ काढण्याइतकं धान्य राहो, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला नारायण शांत झोप देवो. मिटा डोळे.