एकटा चिनार

तुर्कांच्या राजधानीत बेहराम नावाचा एक चितारी होता. तिथल्या चिताऱ्यांची एक रीत होती. राजाचं घराणं दाखवायचं, तर चिनाराचं झाड काढायचं. जेवढा डेरेदार चिनार, तेवढं थोर घराणं!

नवा सुलतान गादीवर बसला आणि त्याने बेहरामला आपल्या घराण्याचं चित्र सांगितलं. बेहरामने त्यात जीव ओतला. मधोमध भव्य चिनार, बाजूला सुरूचं झाड, पायथ्याशी ट्यूलिपची फुलंच फुलं! सुलतान खूश झाला. आणि एकदम दचकला.

"हे सुरूचं झाड कोण?"

"वजीर, खाविंद. आपल्या आधाराला."

"माझ्या खांद्याला लागतोय की! पूस त्याला. आणि ही फुलं?"

"रयत, हुजूर."

"इतकी? नजर आधी तिकडेच जाते. पूस!"

बेहरामला ते पटेना. पण हुकूम तो हुकूम. एकेक करून चिनार सोडून बाकी सगळं त्याने सोनेरी रंगाखाली झाकलं.

दरबार भरला. दख्खनेतून आलेल्या वकिलाच्या हाती चित्र दिलं. त्याने डोळे बारीक केले आणि आनंदाने ओरडला, "वाहवा! सोन्याच्या ताटात कोथिंबिरीची जुडी! अगदी हुबेहूब!"

कोणीतरी फिस्सकन हसलं. सुलतान लालबुंद झाला. "चिताऱ्या, माझं घराणं जुडीएवढं केलंस? तोडा रे याचे हात!"

शिपाई धावले. पण आता बेहराम गप्प बसला नाही.

"हात खुशाल तोडा, खाविंद. पण चिनाराच्या एकाही पानाला मी धक्का लावलेला नाही. तो होता तेवढाच आहे. फक्त त्याच्याजवळ आता कोणी नाही. मग उंची कळायची कशावरून?"

सुलतान चित्राकडे बघतोय, बघतोय... शेवटी म्हणाला, "सोडा त्याला. बेहराम, बुंध्याशी कोणीतरी काढ. कोणीही."

बेहरामने तिथल्या तिथे कुंचला उचलला. नखाएवढा एक धनगर काढला, सावलीत गाढ झोपलेला. आणि काय सांगावं! चिनार डोळ्यांदेखत सरसर वाढला, थेट आभाळाला भिडला!

वकील ताडकन उठला. "माफी असावी, खाविंद! आता ओळखलं. ज्याच्या सावलीत असं बिनघोर घोरता येतं, ते हे घराणं!"

तात्पर्य: इतरांना पुसून कोणी उंच होत नाही, तो नुसता एकटा उरतो.