पिंपावरचा तळहात

ही गोष्ट ऐकून बरीच वर्षे झाली. तिच्यातला एक आकडा आपल्याला नीट आठवतो की नाही, याची प्रस्तुत लेखकाला शंका आहे. पाच वर्षे की सात, एवढाच तो प्रश्न. सांगणाऱ्या लुइजेत्ताबाई ऐंशीच्या पुढच्या होत्या. त्या आपल्या डोंगरी बोलीत सांगत आणि त्यांची नात घाईघाईने त्याचे इंग्रजी करी, तेव्हा मध्ये काही गळलेही असेल. पिंप मात्र डोळ्यांनी पाहिलेले आहे.

उत्तर इटलीत सान ब्रिचो नावाचे खेडे आहे. तिथल्या उभ्या उतारावर दाल कोल्ले कुटुंबाचे द्राक्षमळे आहेत आणि घराखालच्या तळघरात त्यांची फसफसणारी वाइन तयार होते. तळघराच्या टोकाला ओकच्या लाकडाचे एक जुने, रिकामे पिंप ठेवले आहे. त्याच्या पोटावर दोन जागा झिजून काचेसारख्या गुळगुळीत झाल्या आहेत. एक कानाएवढी. तिच्यापासून वीतभर अंतरावर दुसरी, तळहाताएवढी.

असे सांगतात की, लुइजेत्ताबाईंच्या आजेसासऱ्यांचे आजोबा आन्सेल्मो घर चालवीत, तेव्हा इथली वाइन साधी, शांत असे. द्राक्षे तुडवली की रस पिंपात आंबत, आठवडेच्या आठवडे कुजबुजत राही. ती कुजबुज पुरती थांबली की मगच वाइन बाटल्यांत भरायची. ती थांबली हे ओळखणे आन्सेल्मोचे काम. तो पिंपाला कान लावी, डोळे मिटी. मागे त्याची बायको ओर्सोला उभी असे, त्याच्या खांद्यावर हात ठेवून. सगळे घर श्वास रोखून उभे राही. मग तो म्हणे, "गप्प झालं." त्याचा शब्द कधी चुकला नाही. एरवी त्याला काही विचारले तर दोनदा विचारावे लागे. पण लोक म्हणत, त्याचे लक्ष पिंपात असते.

एका उन्हाळ्यात ओर्सोला वारली. त्या हंगामात आन्सेल्मो एकटाच पिंपापाशी उभा राहिला. बराच वेळ. शेवटी म्हणाला, "गप्प झालं."

पायरीवर त्याची नवी सून जेल्मिना उभी होती. तिला वाटले, लांब कुठे मधमाश्यांचे पोळे गुणगुणावे तसे काहीतरी ऐकू येते आहे. पण तिला या घरात येऊन पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. सासऱ्याच्या कानापुढे आपला कान काय सांगायचा? ती गप्प राहिली.

थंडीत बाटल्याही गप्प होत्या. वसंतात हवा तापली आणि एका दुपारी, सगळे जेवायला बसलेले असताना, तळघरात पहिली बाटली फुटली. मग दुसरी, तिसरी. शेजारचा तीता कुंपणावरून ओरडला, "काय रे आन्सेल्मो, लग्नबिग्न आहे का घरात? बार उडताहेत ते!"

जेल्मिनाने एक पाहिले. आवाज झाला तशा सगळ्यांच्या माना तळघराकडे वळल्या. सासऱ्याची मान वळली ती सगळ्यांचे चेहरे पाहून.

बोर्तोलो, तिचा नवरा, बापावर चिडला. "बाबा, तुम्हीच म्हणालात ना, गप्प झालंय म्हणून?"

"ओढ्यात ओता सगळं," आन्सेल्मो म्हणाला. "मी आता त्या तळघरात पाऊल टाकणार नाही." तो खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला. तीन दिवस त्याने अन्नाला हात लावला नाही. जेल्मिनाला काचेची भीती नव्हती, तेवढी त्या पाठीची वाटू लागली.

चौथ्या दिवशी बोर्तोलो बाटल्या ओतायला निघाला, तशी ती पुढे झाली. मक्याची उकड शिजवायचे तांब्याचे पातेले तिने डोक्यावर पालथे घातले आणि कंदील घेतला.

"काय हे ध्यान! उकड आता डोक्यावर शिजवणार का?"

"तू बाहेर थांब," ती म्हणाली. "तुझ्या मापाचं पातेलं नाही घरात."

खाली कंदिलाच्या उजेडात तिला पिंपावरची ती कानाची जागा दिसली. आणि शेजारची, तळहाताची. तिने तिथे हात ठेवून पाहिला; नेमका बसला. मग तोच हात तिने एका धडक्या बाटलीवर ठेवला. आतली कुजबुज तळव्याला कळत होती. सासूबाई खांद्यावर एकच हात का ठेवत, दुसरा कुठे असे, हे तिला तेव्हा समजले.

ती बाटली घेऊन ती सासऱ्याच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतले. तो बघेल अशा बेताने समोर बसली. "बाबा, चूक माझी आहे. मला आवाज येत होता. मी बोलले नाही."

म्हातारा तिच्या ओठांकडे पाहत राहिला. तिने बुचाला बांधलेली दोरी सोडली, तसा फेस उसळून तिच्या मांडीवर सांडला. गढूळ वाइन पेल्यात ओतून आधी ती स्वतः प्यायली आणि तिला जोराची उचकी लागली. तीन दिवसांत पहिल्यांदा म्हाताऱ्याच्या तोंडावर हसू आले, म्हणे.

मग त्याने घोट घेतला. गिळला नाही, तसाच जिभेवर धरून ठेवला. त्याचे डोळे भरले.

"असंच असतं ते," तो म्हणाला. "ओर्सोला सांगायची. मुंग्या चालल्यासारखं."

त्याने सुनेला सांगून टाकले, की कान कधीचेच गेले आहेत. कुजबुज थांबली की ओर्सोला खांदा दाबायची. जेल्मिनाने ते नवऱ्यालाही सांगितले नाही; सांगितले ते पुढे आपल्या सुनेला. एकही बाटली ओढ्यात गेली नाही.

पुढच्या हंगामात, म्हातारा काय करतो ते बघायला निम्मे गाव दाराशी जमले. त्याने पिंपाला कान लावला. जेल्मिना मागून आली, एक हात लाकडावर ठेवला, एक त्याच्या खांद्यावर. या वेळी कुजबुज संपेपर्यंत ती थांबली नाही. झोपलेल्या बाळाच्या श्वासाइतकी उरली, तेव्हा तिने खांदा दाबला.

"आता," आन्सेल्मो म्हणाला.

पुढच्या वसंतात बाटल्या फुटल्या नाहीत, आणि वाइन फसफसली. गाव म्हणाले, म्हाताऱ्याचा कान परत आला.

आजही दाल कोल्ले घरात पिंपाला कान लावायला एकटे कोणी जात नाही. मागे दुसरे माणूस उभे राहते, एक हात लाकडावर आणि एक खांद्यावर. खांदा दाबला जाईपर्यंत ऐकणाऱ्याने बोलायचे नाही.

ओर्सोलाने असे किती वर्षे सांभाळले, हे लुइजेत्ताबाईंनी सांगितले होते. पाच किंवा सात. पण ओकचे लाकूड तळहाताने एवढ्यात झिजत नाही, ही शंका मनातून जाईना. अकरा वर्षांनी तिथल्या चर्चला पत्र लिहिले. पाद्रीबुवांनी लग्नांच्या नोंदवहीतले एक पान उतरवून पाठवले. ओर्सोला वारली त्याच्या आधी एकेचाळीस वर्षांचे. आन्सेल्मो आणि ओर्सोला यांच्या नावांखाली त्या वेळच्या पाद्र्याने लिहून ठेवले आहे: वराचे कान लहानपणच्या तापात गेलेले. संमतीचा प्रश्न तीनदा विचारला, ऐकू आला नाही. वधूने खांदा दाबला, तेव्हा 'हो' म्हणाला.