कोतवालाची पोटदुखी

एका राज्यात सुभानराव नावाचा कोतवाल होता. चोर पकडण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पण त्याच्या पोटात सदा दुखायचं, आणि त्या दुखण्याचं नाव होतं केरोबा.

केरोबा सरकारवकील. कोतवालाने गुन्हेगार पकडायचा आणि रयतेच्या वतीने केरोबाने त्याचा गुन्हा दरबारात मांडायचा, अशी तिथली रीत. दरबारात एक काळा दगड होता. पुरावा पटला तर केरोबा त्यावर चढून बोले. नाही पटला तर खालीच उभा राही, आणि खटला तिथंच संपे. चढ किंवा उतर असं त्याला राजानेही म्हणायचं नाही.

एकदा देवळातली समई चोरली म्हणून सुभानरावाने एका कुंभाराला धरून आणलं. केरोबाने चौकशी केली. चोरीच्या दिवशी कुंभार शेजारगावच्या बाजारात मडकी विकत होता. केरोबा दगडावर चढलाच नाही. कुंभार सुटला आणि लोकांनी केरोबाचा जयजयकार केला.

झालं! सुभानरावाच्या अंगाची लाहीलाही झाली. घरी भाकरी गोड लागेना.

"उन्हातान्हात चोरामागे धावायचं मी, आणि लोकांचे रामराम घेणार हा!"

"अहो, त्याचं काम तो करतो. तुम्ही कशाला जळता?" बायको म्हणाली. पण ऐकतो कोण?

त्याने राजाचे कान भरले. "महाराज, दरबार तुमचा, दगड तुमचा, आणि मर्जी मात्र केरोबाची? लोक हल्ली तुमच्याआधी त्याचं नाव घेतात." राजालाही तोच रोग जडला. त्याने फर्मान काढलं, की राजवाड्याचा हुकूम आल्याशिवाय वकिलाने दगडावर पाय ठेवायचा नाही. त्या दिवशी सुभानराव दोन भाकऱ्या जास्त जेवला.

महिना गेला नाही तोच राजाच्या मेव्हण्याने भर बाजारात घोडा दौडवला आणि सुभानरावाच्या धाकट्या भावाला तुडवलं. भाऊ जन्माचा पांगळा झाला. सुभानरावाने पन्नास साक्षीदार उभे केले. पण राजवाड्यातून हुकूम येईना. मेव्हणा राजाशेजारी बसून खुशाल विडा चघळत होता.

"केरोबा, चढ रे बाबा!" सुभानराव रडकुंडीला आला.

"पुरावा मला पटलाय, कोतवालसाहेब. पण हुकूम कुठाय?"

सुभानरावाने पगडी काढली. "महाराज, ते फर्मान माझ्यामुळे निघालं. केरोबाचा मान मला बघवत नव्हता. माझी जीभ झडो!"

राजाची मान खाली गेली. "चढ, केरोबा," तो हळूच म्हणाला.

केरोबा जागचा हलला नाही. "नाही, महाराज. आज चढ म्हणालात, उद्या उतर म्हणाल. आधी फर्मान फाडा."

राजाने मेव्हण्याकडे पाहिलं, रडणाऱ्या कोतवालाकडे पाहिलं, आणि फर्मान फाडलं. केरोबा दगडावर चढला. त्याचं पहिलं वाक्य होतं, "हा तपास कोतवाल सुभानरावांचा आहे, आणि तो चोख आहे."

ज्या शाबासकीसाठी सुभानराव इतकी वर्षं जळला, ती त्याला त्या दिवशी केरोबाच्याच तोंडून मिळाली. मेव्हण्याला शिक्षा झाली. भावाचे पाय मात्र परत आले नाहीत.

तात्पर्य: रयतेच्या वकिलाला कोणाच्या मर्जीला बांधू नये; मत्सरापोटी जो त्याचं तोंड बंद करतो, त्याच्यावर वेळ आली की त्याच्यासाठी बोलायलाही कोणी उरत नाही.