मुंगळ्याचा द्रोण आणि बारकी मोटर

एक होतं तळं. तळ्याला पायऱ्या. पायरीला भोक. भोकात राहायचा एक मुंगळा. काळा काळा, कमरेत बारीक. सोबत त्याची तीन धाकटी भावंडं.

तळ्याकाठी यायची ठकूआत्या. काही गोड आणलं, की आधी मुंगळ्यांना घालायची. मग स्वतः खायची. आज तिनं पायरीवर पानाचा द्रोण ठेवला. द्रोणात बुंदी.

आत्या म्हणाली, "ही मुंगळ्यांची वाटणी. कुणी हात लावायचा नाही."

वाऱ्याला कुठले हात? वारा आला सूंऽऽ सूंऽऽ. द्रोण गेला पाण्यात. एक दाणा पायरीवर सांडला. बाकीची बुंदी तरंगत तरंगत तळ्याच्या मधोमध.

एक दाणा, चार तोंडं. पुरायचा कसा?

मुंगळ्याला पोहता येत नाही. आणि मधोमध एक मासा. तो द्रोणाभोवती फिरतोय गोल गोल. द्रोण भिजला, बुडला, की बुंदी त्याची.

पायरीला एक होडी टेकली होती. थर्माकोलची. ठकूआत्यानं घरीच केलेली. तिच्यात मोटर, बॅटरी आणि एक डबी. होडी लांबून बटणावर चालणार होती. अजून चालली नव्हती.

मुंगळा गेला तुरू तुरू, तुरू तुरू.

"होडीताई, होडीताई,
वाऱ्यानं द्रोण नेला.
तू जाशील का?"

होडी म्हणाली, "मी नाही जात. मोटर फिरली, तर जाईन."

मुंगळा गेला तुरू तुरू, तुरू तुरू. मोटर बसली होती होडीच्या शेपटाशी. सुपारीएवढी.

"मोटरबाई, मोटरबाई,
वाऱ्यानं द्रोण नेला,
होडी जात नाही.
तू फिरशील का?"

मोटर म्हणाली, "मी नाही फिरत. बॅटरीनं वीज दिली, तर फिरेन."

मुंगळा गेला तुरू तुरू, तुरू तुरू. बॅटरी बसली होती होडीच्या पोटात.

"बॅटरीकाकू, बॅटरीकाकू,
वाऱ्यानं द्रोण नेला,
होडी जात नाही,
मोटर फिरत नाही.
तू वीज देशील का?"

बॅटरी म्हणाली, "मी नाही देत. डबी हो म्हणाली, तर देईन."

मुंगळा गेला तुरू तुरू, तुरू तुरू. डबीला होती एक लांब तार. तार कसली, तिचा कानच तो.

"डबीमावशी, डबीमावशी,
वाऱ्यानं द्रोण नेला,
होडी जात नाही,
मोटर फिरत नाही,
बॅटरी वीज देत नाही.
तू हो म्हणशील का?"

डबी म्हणाली, "मी नाही म्हणत. रिमोटनं हाक मारली, तर म्हणेन."

मुंगळा होडीतून उतरला. पायरीवर चढला. तुरू तुरू, तुरू तुरू. रिमोट होता आत्याच्या मांडीवर.

"रिमोटदादा, रिमोटदादा,
वाऱ्यानं द्रोण नेला,
होडी जात नाही,
मोटर फिरत नाही,
बॅटरी वीज देत नाही,
डबी हो म्हणत नाही.
तू हाक मारशील का?"

रिमोट म्हणाला, "मी नाही मारत. आत्यानं बटण दाबलं, तर मारेन."

मुंगळा चढला आत्याच्या पायाच्या अंगठ्यावर.

"ठकूआत्या, ठकूआत्या,
वाऱ्यानं द्रोण नेला,
होडी जात नाही,
मोटर फिरत नाही,
बॅटरी वीज देत नाही,
डबी हो म्हणत नाही,
रिमोट हाक मारत नाही.
तू बटण दाबशील का?"

आत्या म्हणाली, "मी नाही दाबत."

झालं. पुढे 'तर' नाही, काही नाही.

"का गं आत्या?"

"अरे, सकाळी मोठी मोटर लावली. मोठ्या मोटरीला मोठी बॅटरी लागली. मोठी बॅटरी जड. होडी गेली खाली, बुळुक बुळुक. मग ही बारकी लावली. बारकीला बारकी बॅटरी पुरते. होडी तरंगते खरी. पण ही एवढीशी ओढेल कशी?"

समोर सोनाबाई धुणं धूत होती. ती म्हणाली, "आत्याबाई, त्या मोटरीनं माशीसुद्धा हलायची नाही."

"ऐकलंस?" आत्या म्हणाली. "बटण दाबलं आणि नाही चालली, तर ही बाई वर्षभर हसेल मला."

मुंगळा मागे वळला. खाली उतरला. पायरीवरचा दाणा धरला. दाणा त्याच्या डोक्याहून मोठा. ओढला. थांबला. पुन्हा ओढला. ओढत ओढत आत्याच्या अंगठ्यावर चढवला.

आत्यानं डोळे बारीक करून बघितलं.

"बारका आहेस. पण ओढतोस की," ती म्हणाली.

आत्यानं बटण दाबलं.
रिमोटनं हाक मारली, पीप पीप.
डबी म्हणाली, हो.
बॅटरीनं वीज दिली.
मोटर फिरली, घुर्र घुर्र.
होडी निघाली मागे मागे. धप. पायरीवर आपटली.

सोनाबाई हसली खी खी, खी खी.

"हस तू," आत्या म्हणाली. "उलटी का होईना, फिरली ना? तारा उलट्या जोडल्या मी."

लाल तार काढली. काळी तार काढली. लालच्या जागी काळी, काळीच्या जागी लाल. मुंगळा चढला होडीच्या नाकावर.

आत्यानं बटण दाबलं.
रिमोटनं हाक मारली, पीप पीप.
डबी म्हणाली, हो.
बॅटरीनं वीज दिली.
मोटर फिरली, घुर्र घुर्र.
होडी निघाली पुढे पुढे.

माशानं तोंड उघडलं. घुर्र घुर्र ऐकलं. तोंड मिटलं आणि गेला निघून, सुळकन.

होडी वळली द्रोणामागे. नाकानं ढकललं. द्रोण पुढे, होडी मागे. होडीवर मुंगळा. आले तिघं पायरीला.

सोनाबाई म्हणाली, "आत्याबाई, माशी हलली की."

आत्या म्हणाली, "माशी कुठली? द्रोण हलला, बुंदीसकट. मोटर माझी आहे ती."

भावंडं आली तुरू तुरू, तुरू तुरू, तुरू तुरू. चार तोंडं, द्रोणभर बुंदी. आधी मुंगळ्यांनी खाल्ली.

आणि तो एक दाणा? अजून आत्याच्या अंगठ्यावरच. मुंगळा म्हणाला, "ही आत्याची वाटणी. कुणी हात लावायचा नाही."

मग आत्यानं खाल्ला.

होडी लागली काठाला,
बुंदी लागली ओठाला,
गोष्ट आली शेवटाला.