एकशे अडुसष्ट पावलं आणि एक माणूस

तांबकडीच्या मैदानाची लांबी किती, हे विचारू नये. विचारलंत तर गावकरी आधी एकमेकांकडे बघतात आणि मग तुम्हाला पारावर बसवून चहा सांगतात. टेकाईच्या देवळाखालचा तांबड्या मुरमाचा तो सपाट तुकडा कबड्डीला फार लांब पडतो आणि खो-खोला अरुंद. क्रिकेटची पोरं दोनदा खेळपट्टी आखून गेली आणि दोन्ही वेळा चेंडू ओढ्यात घालवून परत आली. तो तुकडा फक्त आट्यापाट्यांचा, आणि तोही वर्षातून एकच दिवस, धुळवडीला.

मागं एका धुळवडीला तालुक्याहून एक क्रीडा अधिकारी आले होते. हातात पोलादी टेप, काखेत फॉर्मांचा गठ्ठा. कबड्डीला तेरा बाय दहा, खो-खोला सत्तावीस बाय सोळा, सगळं तोंडपाठ. त्यांनी टेप लावली, आकडा लिहिला आणि खात्री म्हणून गावातल्या पिराजी मास्तरांना विचारलं. मास्तर म्हणाले, "लिहा की. पर औंदा आडवा पडला त्यो आमचा रंगा बुटका हाय. म्होरल्या साली कोन पडंल त्यावर हाय सगळं." साहेबांनी लिहिलेला आकडा खोडला. लांबीचा रकाना तसाच कोरा गेला.

मास्तर थट्टा करत नव्हते. दर धुळवडीला तांबकडीत मानकरी टाचेला अंगठा लावत एकशे अडुसष्ट पावलं मोजतो. मोजून झाली की शेवटच्या पावलाशी डोकं टेकवून तो उताणा पडतो, आणि त्याच्या टाचा जिथं येतील तिथं शेवटची पाटी आखतात. असं का, तर त्याची गोष्ट अशी सांगतात.

फार पूर्वी तांबकडीच्या दोन वाड्या होत्या, वरची आणि खालची. झरा मात्र एकच. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात कुणाला काही कमी नसे. पण होळी झाली की झरा बारीक व्हायचा, आणि धुळवडीपासून मृगापर्यंतचं पाणी एकाच वाडीला पुरायचं. वाटून घ्यावं तर अर्ध्या वाटेत मुरून जायचं. त्यापायी दर उन्हाळ्याला डोकी फुटत. शेवटी, म्हणे, दोन्ही वाड्यांनी टेकाईपुढं भंडारा उचलून शपथ घेतली की इथून पुढं काठी उगारायची नाही. धुळवडीला आट्यापाट्या खेळायच्या आणि देवी देईल तो निवाडा मानायचा.

खेळ तुम्ही पाहिला असेल. आडव्या नऊ पाट्या आखायच्या आणि एकेका पाटीवर एकेक गडी उभा करायचा. ज्या वाडीकडे पाणी असेल तिनं पाट्या धरायच्या. जिला हवं असेल तिनं त्या ओलांडायच्या. अंगाला हात न लागू देता एक जरी गडी नऊही पाट्या पार करून परत आला, तर लोण झालं. लोण झालं की पाणी त्यांचं. नाही झालं तर आहे तिथंच राहणार.

आता मैदान कशानं मोजायचं यावरच पहिलं भांडण झालं असतं. पाट्यांमधली जागा लांब-रुंद असली की पळणाऱ्याचं फावतं, आखूड असली की धरणाऱ्याचा हात पुरतो, हे शेंबडं पोरही सांगेल. तेव्हा जाणत्यांनी विचार केला की दोरी कुणी तोडील, काठी कुणी तासील, पण माणसाचा पाय कोण तासणार? रुंदीला देवळाच्या मंडपाचा वासा लावायचा आणि लांबीला गुरवाची एकशे अडुसष्ट पावलं, असं ठरलं. गुरवाचं घर देवळामागं, दोन्ही वाड्यांच्या बाहेर. होळीच्या राखेनं पाट्या आखायच्या, आणि खेळ झाला की दुसऱ्या दिवशी सगळं नांगरून टाकायचं, म्हणजे वर्षभर कुणी सराव करायला नको. मागच्या सालच्या आखणीची खूणसुद्धा उरत नसे.

त्या काळात हा मान सटवाजी गुरवाकडे होता. बायको लवकर गेलेली, एकच लेक, हौसा. ती खालच्या वाडीत हैबतीला दिलेली. सटवाजी इतका काटेकोर की माघ लागला की लेकीच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचा नाही. धुळवड होईपर्यंत तिच्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही. हौसा देवळात आली तर तिच्याशी चार माणसांदेखत बोलायचा. लोक हसायचे. तो म्हणायचा, "हसा. पर बोट दावू नगा."

ज्या सालची ही गोष्ट, त्याच्या आदल्या धुळवडीला पाणी वरच्या वाडीकडे गेलं होतं. खालच्या वाडीचे पानमळे त्या उन्हाळ्यात होरपळले. पानवेल फार लाडाची; चार दिवस पाणी चुकलं की मान टाकते. पावसाळ्यात हौसानं आत्याच्या गावाहून वेलाचं बेणं डोक्यावर वाहून आणलं आणि नवरा-बायकोनं मळा पुन्हा लावला. हैबती सरळ बोलणारा गडी. त्यानं सांगून टाकलं की या खेपेला मळा जळला तर तांबकडी सोडायची. ही गोष्ट सटवाजीच्या कानावर आली. बापाला दुसरं होतं कोण?

पौषात हैबती परगावी गेला होता, तेव्हा सटवाजी लेकीकडे लाकडं फोडायला गेला. कुऱ्हाड निसटली आणि उजव्या पायाच्या अंगठ्याचं पेर अन् शेजारच्या बोटाचं टोक घेऊन गेली. हौसानं हळद भरली, चिंधी बांधली. दोन महिने तो चिंधी बांधून, अनवाणी, लंगडत फिरला. धुळवडीच्या सुमाराला जखम भरली.

धुळवडीला त्यानं देवीला हात जोडले आणि मैदान मोजलं. एकशे अडुसष्ट पावलं, टाचेला अंगठा लावून, एकही न चुकवता. दोन्ही वाड्यांची माणसं दोन्ही बाजूंनी मोठ्यानं मोजत होती. कुणाचंही बोट उठलं नाही.

खेळ सुरू झाला. खालच्या वाडीचे गडी एकामागून एक धरले गेले. नेहमी जे सहज निसटायचे त्यांनासुद्धा कुठं ना कुठं हात लागायचा. शेवटी हैबती आत शिरला. तो नऊ पाट्या पार करून गेला तेव्हा खालच्या वाडीच्या बायका ओरडायच्या थांबल्या आणि नुसत्या बघत राहिल्या. परत येताना त्यानं आठ ओलांडल्या. नववीवरच्या गड्यानं पाय न हलवता अंग झोकलं आणि त्याच्या बोटाचं टोक हैबतीच्या पाठीला लागलं. हैबती स्वतःच थांबला. लागलं नाही असं म्हणणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

सटवाजी घरी आला. खेळ झालेला, सोवळंओवळं संपलेलं. आता लेकीकडे जावं, तिच्याजवळ बसावं म्हणून त्यानं कोनाड्यातून वहाणा काढल्या. दोन महिन्यांनी पहिल्यांदाच. डावी वहाण नेहमीसारखी बसली. उजवीत पाय घातला तर पुढं जागा उरली. त्यानं खाली बसून त्या जागेत आपलं बोट आडवं घातलं. बरोबर बोटभर.

मग, असं सांगतात, तो तिथंच बसून मोजत राहिला. एकशे अडुसष्टात उजवी पावलं चौऱ्याऐंशी. पावलाला बोट, म्हणजे चौऱ्याऐंशी बोटं. चोवीस बोटांचा एक हात. मैदान साडेतीन हात आखूड पडलं होतं. अंगठा तुटलेला त्याला माहीत होता, चालताना तो दुखतही होता. पण पाय तुटला म्हणजे माप तुटलं, हे त्याच्या मनातच आलं नव्हतं. गावातल्याही कुणाच्या नाही.

तो तसाच एका पायात वहाण घालून पाराकडे धावला. दोन्ही वाड्यांची माणसं अजून बसलेली होती. त्यानं वहाण पुढं ठेवली, पाय दाखवला, हिशेब सांगितला आणि पुन्हा खेळ घ्या म्हणून हात जोडले. वरच्या वाडीचा म्हातारा निळोबा पाटील काही वाईट माणूस नव्हता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"गुरवा, माप कशाचं ठरलंय?"

"माझ्या पायाचं."

"आन् ह्यो पाय कुनाचा?"

"माझाच की, पाटील."

"मग चुकलं काय? तुझा पाय येवढा, मैदान तेवढं. भंडारा उचलताना अंगठा मोजला व्हता का कुनी?"

 सटवाजीनं खालच्या वाडीकडे पाहिलं. तिथली माणसं माना खाली घालून बसली होती. आज हा निवाडा मोडला तर उद्या कुठलाच टिकायचा नाही आणि पुन्हा डोकी फुटतील, हे त्यांनाही कळत होतं. हैबती पुढं आला आणि त्यानं सासऱ्याच्या दंडाला धरलं.

"मामा, उठा. लोण झालं न्हाई म्हंजी झालं न्हाई. घरला चला."

अन्याय कुणीच केला नव्हता, म्हणून दाद तरी कुणाकडे मागायची? सटवाजीनं दुसऱ्या दिवसापासून कावड खांद्यावर घेतली. नदीचा डोह कोसभर खाली. त्या पायानं दिवसाकाठी सात-आठ खेपा व्हायच्या, आणि मळ्यात वेल हजारावर. वरच्या ओळीला पाणी घालावं तोवर खालची ओळ पिवळी पडायची. हौसा आणि हैबतीही वाहत होतेच, पण कावडीनं कधी पानमळा जगलाय?

एकदा त्याला चालवेना, तेव्हा तो बांधावर बसून लेकीला म्हणाला, "हौसा, तू मला शिव्या दे. निदान येवढं तरी कर."

"कशाबद्दल दिऊ, आबा? लाकडं माजीच फोडत व्हता न्हवं?" ती म्हणाली आणि त्याचा पाय मांडीवर घेऊन चेपत बसली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

चैत्र संपायच्या आत मळा गेला. ठरल्याप्रमाणे हैबतीनं बैल जोडला. हौसानं ओल्या फडक्यात वेलाचं एक बेणं गुंडाळून घेतलं आणि दोघं घाटाखाली निघून गेली. कुठं जाणार, हे त्यांनाही माहीत नव्हतं. सटवाजी घाटाच्या तोंडापर्यंत गेला. थांबा म्हणायला त्याच्याकडे देण्यासारखं काही नव्हतं. बैलाच्या गळ्यातली घुंगरं ऐकू येईनाशी झाली, तरी तो उभाच होता.

वर्षानं पुन्हा धुळवड आली. सटवाजी म्हणाला, मी मोजणार नाही. दोन्ही वाड्या म्हणाल्या, मान तुझाच, आणि तू नाही मोजलंस तर खेळ नाही. तेव्हा तो उठला. एकशे अडुसष्ट पावलं मोजली. राखेची टोपली घेतलेला माणूस शेवटची रेघ ओढायला वाकला, तसा सटवाजीनं त्याला हातानं मागं सारलं. शेवटच्या पावलाशी डोकं टेकवून तो मुरमावर उताणा पडला आणि पाय ताठ केले. माणसाचा देह त्याच्याच हातानं साडेतीन हात. घाटाकडे तोंड वळवून त्यानं मोठ्यानं हाक मारली, "हौसा, माप भरलं गं!"

हाकेला ओ आली नाही. तो पुन्हा बोलला नाही. लोक उठवायला गेले तर, म्हणे, दोन्ही वाड्यांचे गडी लागूनही तो मुरमावरून हलला नाही. मग निळोबा पाटील स्वतः पुढं आला, त्यानं राख घेतली आणि सटवाजीच्या टाचांशी शेवटची पाटी ओढली. कुणी सांगतात, सटवाजीचा जीव तिथंच गेला. कुणी सांगतात, खेळ रंगात आल्यावर तो उठला आणि घाट उतरून गेला. दोन्ही सांगणारे शपथेवर सांगतात.

त्या दिवशी खालच्या वाडीनं एक सोडून तीन लोणं केली. निवाडा मानून वरच्या वाडीनं आपल्या हातानं पाणी खाली सोडलं. झऱ्याच्या वाटेवर पहिला मळा हौसाचा. पाणी त्यात शिरलं, वाळलेल्या खुंटांच्या बुडाशी साचलं आणि दिवसभर तसंच राहिलं, कारण बारं मोडून पाणी पुढच्या वाफ्यात वळवायला तिथं कुणी नव्हतं. माणसं घाटाखाली पाठवली. मृगापर्यंत ती चार बाजारगावं पालथी घालून परत आली. हौसाचा पत्ता लागला नाही.

आता नळ आलाय, झऱ्यावरून कुणी भांडत नाही. गुरवाचा वंशही खुंटला. मानकरी चिठ्ठी टाकून निवडतात. तरी आजही तांबकडीत धुळवडीला एकशे अडुसष्ट पावलं मोजून होतात, मानकरी आडवा पडतो, टाचांशी राख ओढली जाते. मग तो पडल्यापडल्या घाटाकडे तोंड करून हाक मारतो, "हौसा, माप भरलं गं!" सगळं गाव गप्प उभं राहतं. लहान पोरांनासुद्धा चूप करतात. ओ येईल म्हणून थोडा वेळ वाट बघतात, आणि मग खेळ सुरू करतात.