उंचगडची सरळ झोप

हं, सरका जरा. पांघरूण ओढू नका, सगळ्यांना पुरेल एवढं आहे. आणि मध्येमध्ये पाणी मागायचं नाही, सांगून ठेवते. ऐका.

एकदा काय झालं, उंचगड नावाचं एक राज्य होतं. तिथे उदेभान नावाचा राजा होता. राज्य मोठं, किल्ला मोठा, हत्ती-घोडे भरपूर. पण त्या राज्यात सगळे कायम चिडलेले. राजा प्रधानावर खेकसायचा, प्रधान शिपायांवर, शिपाई घोड्यांवर, आणि घोडे, बरं का, घोडे माश्यांवर. सकाळ झाली की जो तो डोळे चोळत, कपाळाला आठ्या घालून बाहेर यायचा. का म्हणून विचारायची सोय नाही. विचारणाराच कोठडीत.

त्या राजवाड्यात एक नियम होता. राजवाड्यातल्या प्रत्येक माणसानं सरळ झोपायचं. म्हणजे कसं? उताणं. पाय जुळवलेले, हात छातीवर, नाक छताकडे. कुशीवर वळायचं नाही, पालथं पडायचं नाही, पाय पसरायचे नाहीत. आणि हे बघायला एक बाई नेमली होती, धोंडाबाई. ती हातात दिवा घेऊन रात्रभर दालनादालनात फिरायची. कुणी जरा वाकडं दिसलं की खांद्याला धरून त्याला सरळ करायची. पन्नास वर्षं तिचं हेच काम.

आता राजाला होता एक मुलगा, जयभान. तो एकदा शिकारीला गेला आणि वाट चुकला. भटकत भटकत सरहद्दीवरच्या माळावर आला. तिथे एक धनगराची मुलगी मेंढरं राखत होती. तिचं नाव जिऊ. तिनं त्याला दूध प्यायला दिलं. दूध पिऊन तो गवतावर जो पालथा पडला, तो दोन दिवस उठलाच नाही! एक हात इकडे, एक पाय तिकडे, तोंड गवतात. मेंढ्या त्याला हुंगून हुंगून कंटाळल्या. तिसऱ्या दिवशी जागा झाला, तर चेहरा कसा टवटवीत. म्हणाला, "अगं, अशी झोप मला जन्मात लागली नव्हती. तू माझ्याशी लग्न करशील?"

जिऊ म्हणाली, "आधी तोंड धुऊन या."

मग तो तोंड धुऊन आला, आणि पुढे दोघांचं लग्न झालं. जिऊ राजवाड्यात राहायला आली.

आता ही जिऊ झोपायची कशी? तर अंगाचं मुटकुळं करून. गुडघे पोटाशी, हनुवटी गुडघ्यांना, आणि डोक्यावरून घोंगडी. लहानपणापासून माळावरच्या गार वाऱ्यात तशीच झोपत आलेली. पहिल्या रात्री ती राजवाड्यातल्या भल्यामोठ्या पलंगावर चढली, मुटकुळं केलं, डोळे मिटले. तोच आली धोंडाबाई.

"धाकट्या राणीसाहेब, सरळ!"

झाली बिचारी सरळ. धोंडाबाईची पाठ वळली की पुन्हा मुटकुळं. पुन्हा दिवा. "सरळ!" असं सात वेळा झालं. सातव्या वेळी धोंडाबाईच रडकुंडीला आली. म्हणाली, "किती वेळा सरळ करू हो तुम्हाला? माझेही हात दुखतात!"

दुसऱ्या रात्री जिऊ पलंगाखाली जाऊन झोपली. धोंडाबाईनं पाय धरून बाहेर ओढली.

तिसऱ्या रात्री जिऊनं आशाच सोडली. ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, मी आपली माळावर जाते. मला इथे झोप येत नाही." जयभान छताकडे बघत पडला होता, नियमाप्रमाणे. म्हणाला, "मला तरी कुठे येते? मला वाटायचं, तू आलीस की येईल. माळावर आली होती ना."

"म्हणजे तुम्ही रोज नुसते पडून असता?"

"सगळेच असतात," तो म्हणाला.

ऐकलंत? अख्खा राजवाडा नुसता डोळे मिटून पडलेला असायचा. एकालाही झोप नाही! मग सकाळी चिडणार नाहीत तर काय करतील?

जिऊ उठून गच्चीवर गेली. तिथे कठड्यावर एक म्हातारी बसली होती. खांद्यावर गोधडी, पाय अगदी मऊ, जमिनीवर ठेवले तरी आवाज नाही. आणि चेहरा असा वैतागलेला, की जिऊ दोन पावलं मागेच सरली.

"तुम्ही कोण?" जिऊनं विचारलं.

"मी झोप," म्हातारी म्हणाली. "कोण असणार दुसरी? रोज येते. रोज अंधार पडला की येते आणि पहाटे तशीच परत जाते. माझे पाय दुखून गेले, पोरी! मी माणसं कशी ओळखते, माहीत आहे? ज्याच्या त्याच्या पडण्यावरून. हा पालथा म्हणजे अमका, ती कुशीवर म्हणजे तमकी. इथे आत डोकावलं की सगळे ओंडक्यासारखे एकसारखे. मी कुणाजवळ जाऊ? राजा कुठला आणि राजपुत्र कुठला, मला काही कळत नाही!"

"पण हा नियम केला कुणी?"

"कुणी केला नाही, आपोआप झाला," झोप म्हणाली. "या राजाचा आजा घोड्यावरून पडला. पाठ मोडली. वैद्यानं त्याला वर्षभर फळीवर सरळ झोपवलं. दरबारी लोकांना वाटलं, राजा सरळ झोपतो म्हणजे तीच मोठेपणाची रीत. झाले सगळे सरळ! त्या बिचाऱ्याची पाठ बरी झाली, तरी त्याला कुणी वळू देईना. सांगून सांगून थकला आणि तसाच गेला."

जिऊनं कपाळावर हात मारला.

इतक्यात खाली एकदम नगारे वाजायला लागले. ती धावत खाली आली, तर दरबारात राजा उदेभान थरथर कापत उभा. रागानं हो, थंडीनं नाही. त्याच्या हातात एक पत्र होतं. शेजारच्या राज्याच्या राजानं पाठवलेलं. पत्रात लग्नाबद्दल गोड शुभेच्छा होत्या. पण नाव लिहिलं होतं 'उदेभन'. काना राहिला होता.

"आमचा काना खाल्ला!" राजा ओरडला. "आमच्या बापजाद्यांचा काना! उद्या उजाडताच फौज निघेल. सरहद्दीच्या माळावर लढाई!"

 सरहद्दीच्या माळावर जिऊचा बाप होता. म्हातारा, एका डोळ्यानं अधू, दोनशे मेंढरं घेऊन एकटा. दोन्ही बाजूंच्या फौजा त्याच्या डोक्यावरूनच जाणार. आणि कशासाठी? एका रेघेसाठी!

प्रधानाला कळत होतं की हे वेड्यासारखं चाललंय. सेनापतीलाही कळत होतं. पण बोलणार कोण? जो तो इतका दमलेला, की भांडण सोडवण्यापेक्षा लढाईला जाणं सोपं वाटत होतं.

मग जिऊ पुन्हा गच्चीवर गेली. "झोपबाई, आज तुम्ही आत यायचंच."

"मी यायला एका पायावर तयार आहे," झोप म्हणाली. "पण ती दिवेवाली आधी झोपव. ती जागी आहे तोवर कुणी वाकडं होणार नाही. आणि पन्नास वर्षं मी तिच्याही वाटेकडे बघतेय, बरं का."

जिऊनं वाटीत तेल कोमट केलं. धोंडाबाईला गाठलं. म्हणाली, "बसा जरा. डोकं चोळून देते."

"मला वेळ नाही," धोंडाबाई म्हणाली. "राणीसाहेब आत्ता वळल्या असतील."

"वळू द्या हो!"

धोंडाबाईला आजवर कुणी 'बसा' म्हटलंच नव्हतं. ती भिंतीला टेकून उकिडवी बसली. जिऊ तेल जिरवायला लागली. धोंडाबाईच्या पापण्या जड झाल्या. तेवढ्यात जिऊनं विचारलं, "धोंडाबाई, तुम्ही मामंजींना अंगाखांद्यावर खेळवलंत ना? ते लहानपणी कसे झोपायचे?"

"राजे?" धोंडाबाई अर्धवट झोपेत हसली. "गुडघे मोडून, ढुंगण वर करून… बेडकासारखे… मी रोज सरळ करायची… रोज रडायचे…" आणि भिंतीला टेकल्या टेकल्या, तोंड उघडं टाकून, ती घोरायला लागली. दिवा जिऊनं हळूच काढून घेतला.

हसू नका! राजा झाला म्हणून काय, माणूसच तो.

मग जिऊ आपल्या दालनात गेली. नवऱ्याला म्हणाली, "पालथे व्हा."

"धोंडाबाई—"

"झोपली. व्हा पालथे, मला वेळ नाही!" तो पालथा झाला. एक हात खाली लोंबला, एक पाय पलंगाबाहेर गेला. झोप दारातून आत आली, म्हणाली, "अरे, हा तर माळावरचाच!" आणि तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. गेला तो गाढ.

सासूबाई तर शहाण्या. जिऊनं दारातून नुसतं सांगितलं, "धोंडाबाई झोपली," तर त्या कधीच उजव्या कुशीवर वळून, गालाखाली हात घेऊन मोकळ्या झाल्या होत्या.

राहिला राजा. तो चिलखत घालून, छातीवर तलवार धरून, सरळ पडला होता. डोळे टक्क उघडे. जिऊ आत गेली. वाकून नमस्कार केला आणि गोड आवाजात म्हणाली, "मामंजी, जरा कुशीवर—"

"चालती हो!"

"मामंजी, माझे वडील त्या माळावर—"

"काना!" राजा गरजला. "आमचा काना!"

मग मात्र जिऊ चिडली. तीन रात्रींची जागी, त्यात हा राजा. तिनं दिवा खाली आपटला. "पुरे झालं, मामंजी! काना, काना, काना! तुम्हाला लढाई नको आहे, तुम्हाला झोप हवी आहे. पन्नास वर्षं तुम्ही झोपला नाहीत आणि राग काढताय तो अख्ख्या जगावर!"

राजा उठून बसला. "सूनबाई, तुझं डोकं उडवीन!"

"उडवा. पण उद्या. आज एकदा, आपल्याला आवडतं तसं झोपा. उठल्यावर लढावंसं वाटलं तर तलवार मी स्वतः हातात देईन. आणि माझं डोकंही."

राजानं तलवार बाजूला ठेवली.  मग एकदम हळू आवाजात, लहान मुलासारखं म्हणाला, "कुणी बघेल."

जिऊचा राग तिथल्या तिथे उतरला. तिनं त्याचं चिलखत सोडवलं. दिवा विझवला. दाराबाहेर जाऊन, पाठ फिरवून उभी राहिली. "कुणी येणार नाही, मामंजी. मी आहे इथे."

आतून थोडी खुडबुड ऐकू आली. मग पलंग करकरला. गुडघे मोडले, गाल गादीला, आणि ढुंगण वर! झोप जिऊच्या बाजूनं आत गेली. आतून तिचा आवाज आला, "बाळा, किती मोठा झालास रे." आणि तिनं त्याला थोपटलं.

मग उजाडलं. अंगणात फौज उभी. नगारे तयार. पण राजाच उठेना! त्याला उठवायची कुणाची छाती होईना. ऊन वर आलं. शिपाई उभे राहून राहून थकले. एक बसला, एक कलंडला, एकानं घोड्याच्या मानेवर डोकं टेकलं. दुपारपर्यंत अख्खी फौज अंगणात आडवीतिडवी पडली होती. कुणाचे पाय कुणाच्या पोटावर, काही विचारू नका.

राजा तीन दिवस झोपला. तीन दिवस जिऊ दारात बसून होती. चौथ्या दिवशी तो उठला आणि पहिली गोष्ट काय मागितली? पिठलं-भाकरी. दोन भाकरी खाऊन झाल्या, तिसरी घेतली. मग प्रधानानं भीत भीत पत्र समोर ठेवलं. राजानं वाचलं. पुन्हा वाचलं.

"अरे," तो म्हणाला, "लिहिणाऱ्याला डुलकी लागली असेल बिचाऱ्याला." आणि त्यानं लेखणी घेऊन राहिलेला काना स्वतःच दिला. "फौजेला म्हणावं, घरी जा. जेवा. झोपा."

जिऊ भिंतीला टेकून ऐकत होती. तिला रडूच आलं. राजा तिच्याजवळ आला. म्हणाला, "पोरी, तुझ्या वडिलांना माणूस पाठवून कळवतो, भिऊ नका म्हणून. आणि तू? तू कधी झोपणार?"

"आता," जिऊ म्हणाली. तिला पलंगापर्यंत चालवेना. तिथेच उंबऱ्याशी मुटकुळं करून पडली. सासूबाईंनी आपली शाल तिच्या डोक्यावरून घातली. झोप तिच्या उशाशी येऊन टेकली, मऊ पाय पसरून, सुस्कारा सोडून. आणि सगळा राजवाडा चवड्यांवर चालायला लागला, तिला जाग येऊ नये म्हणून. राजासुद्धा.

पुढे उंचगडात माणसं हसायला लागली, घोडेसुद्धा शहाणे झाले, आणि सगळे खाऊनपिऊन, झोपूनउठून मजेत राहिले. संपली गोष्ट. पुढे काय झालं ते नाही सांगणार, काही झालंच नाही. मिटा आता डोळे. एकही शब्द नको. मलाही झोपायचंय.